स्वदेशीचा राहून गेलेला प्रश्न



वसंत ऋतूत संध्याकाळी एकत्र जमावे आणि एखाद्या सार्वजनिक प्रश्नाचा विचार करावा, ही प्रथा न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात पाडली. त्याच काळी त्याच शहरात एक वकील हातसुताचे जाडेभरडे कपडे घालून वावरत असत. त्यांचे नाव गणेश वासुदेव जोशी. लोक त्यांना सार्वजनिक काका म्हणत. १८७७ साली दिल्लीस दरबार भरला, तेव्हा सार्वजनिक सभेतर्फे काका तेथे गेले ते खादीच्याच वेषात. सभोवती राजेरजवाड्यांचे जरतारी पोशाख. त्यांत हा खादीधारी वकील. त्या साध्या वेषात एक प्रश्न होता, आणि तोच आज आम्ही आपल्यापुढे मांडू इच्छितो. आपण जे वस्त्र अंगावर घालतो, त्याच्या पैशाने कोणाचे घर चालते आणि कोणाचे मोडते?

हा प्रश्न काकांच्याही आधी विचारला गेला होता. १८४८ पासून ‘प्रभाकर’ पत्रातून लोकहितवादींची शतपत्रे प्रसिद्ध होऊ लागली. परदेशी माल सोडून आपल्याकडचे जाडेभरडे का होईना, तेच कापड वापरा, असा उपदेश त्यांत आहे. विलायतेचे यंत्राचे कापड येथल्या बाजारात येऊन पडत होते आणि गावोगावचे माग थंडावत होते. ते कापड लोक का घेत? कोणाच्या जबरदस्तीने नव्हे. ते स्वस्त होते आणि दिसायला तलम होते, म्हणून घेत. गिऱ्हाइकाचा त्यात दोष काढणे कठीण आहे. दोन पैसे वाचावेत असे कोणाला वाटत नाही? परंतु हे जे दोन पैसे वाचले, ते कोणाच्या तरी ताटातून गेले होते. काकांनी आणि लोकहितवादींनी दाखविले ते एवढेच, की स्वस्ताईचा हिशेब दुकानाच्या पायरीवर संपत नाही.

पुढे १९०५ साली वंगभंगाच्या निमित्ताने हा विचार लोकांच्या मनात पेटला. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात पुण्यात परदेशी कपड्यांची होळी झाली. विनायक दामोदर सावरकर हा फर्ग्युसन कॉलेजचा विद्यार्थी तीत पुढे होता, आणि लोकमान्य टिळक व शिवरामपंत परांजपे यांची तेथे भाषणे झाली. सावरकरांना त्यापायी दहा रुपये दंड झाला आणि वसतिगृह सोडावे लागले. दुकानात जाऊन कापड निवडणे ही खासगी बाब नसून सार्वजनिक कर्तव्य आहे, हे महाराष्ट्राने त्या दिवसांत मान्य केले. ही गोष्ट लहान नव्हे.

पण इतिहासाकडे पाहायचे तर दोन्ही डोळ्यांनी पाहावे. परदेशी कापड टाकून आपण स्वदेशी घेतले. ते स्वदेशी कापड कोण विणीत होते?

मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली पहिल्या कापडगिरणीची कंपनी उभारली. त्यानंतरच्या तीस वर्षांत कोकणातून आणि घाटावरून आलेल्या हजारो माणसांनी गिरण्या भरल्या. त्यांना आठवड्याची सुट्टी नव्हती. पहाटे उजाडता भोंगा होई, आणि दिवस मावळेपर्यंत यंत्र थांबत नसे. जोतीराव फुल्यांचे अनुयायी नारायण मेघाजी लोखंडे यांनी स्वतः गिरणीत नोकरी केली होती. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारच्या कमिशनपुढे ठेवला. मागण्या काय होत्या? रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार. यातली रविवारची सुट्टी पदरात पडायला १८९० चा जून उजाडावा लागला. आज आपण रविवारी कपडे खरेदीला जातो, तो रविवार या माणसांनी मिळविलेला आहे.

गिरण्यांत कामाचे तास कमी करणारा कायदा करावा, असे मँचेस्टरचे व्यापारी म्हणू लागले, ते आपल्या स्वार्थापोटी. म्हणून आपल्याकडील बहुतेक राष्ट्रीय वृत्तपत्रांनी त्या कायद्याला विरोध केला. ‘आमचा उद्योग नुकता कुठे उभा राहतो आहे’ असे ते म्हणत, आणि त्यात तथ्य होते. पण उद्योगाची बाजू घेताना त्यात राबणाऱ्याची बाजू मागे पडली. याचे फळ १९०५ सालीच दिसले. विजेचे दिवे आल्याने सूर्यास्ताची अडचण उरली नव्हती. कापडाला तेजी आली आणि मुंबईच्या कित्येक गिरण्यांत कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. पुण्यात ज्या वर्षी होळी पेटली, त्याच वर्षीची ही गोष्ट आहे. प्रौढ पुरुषाच्या कामाला कायद्याने बारा तासांची मर्यादा पडली, ती १९११ साली.

आम्ही हे स्वदेशीची निंदा करण्यासाठी सांगत नाही. ‘कोणत्या देशाचे कापड?’ हा प्रश्न स्वदेशीने विचारला आणि तो खराच होता. ‘कोणाच्या हातचे, आणि त्या हातांचे काय झाले?’ हा प्रश्न मात्र राहून गेला. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत काळबादेवीला परदेशी कापडाच्या मोटारीपुढे आडवा झाला आणि चिरडून मेला तो बाबू गेनू. आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळ गावचा हा तरुण गिरणीत मजुरी करणारा होता. पहिल्या प्रश्नासाठी ज्याने प्राण दिला, तोच दुसऱ्या प्रश्नाचा विषय होता.

आता आपल्या काळाकडे येऊ. मँचेस्टरची ती मक्तेदारी गेली. आज आपल्या अंगावरचा सदरा तिरुपूरचा असेल, ढाक्याचा असेल, व्हिएतनामचा असेल. २००० ते २०१५ या पंधरा वर्षांत जगातील कपड्यांचे उत्पादन सुमारे दुप्पट झाले. माणसे काही दुप्पट झाली नाहीत. एकेक कपडा पूर्वीपेक्षा कमी वेळा अंगावर येऊ लागला. निम्म्याहून अधिक धागा आता खनिज तेलापासून केलेल्या पॉलिएस्टरचा असतो. तो मातीत कुजत नाही. दक्षिण अमेरिकेतील चिली देशाच्या वाळवंटात टाकलेल्या कपड्यांचे ढीग साचले आहेत.

आणि हात? ढाक्याजवळ सावर येथे राणा प्लाझा नावाची आठ मजली इमारत होती. तीत तयार कपड्यांचे पाच कारखाने होते. २३ एप्रिल २०१३ रोजी भिंतींना तडे गेलेले दिसले. खालच्या मजल्यावरची बँक आणि दुकाने बंद झाली. कारखान्यांच्या कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावण्यात आले, कारण माल वेळेवर पाठवायचा होता. २४ एप्रिलच्या सकाळी इमारत कोसळली. १,१३४ माणसे गेली. त्यांत बहुसंख्य तरुण स्त्रिया होत्या.

मग काय करावे? पुन्हा होळी पेटवावी काय? आम्हांस तसे वाटत नाही. १९२१ साली कपड्यांच्या होळ्या पेटत होत्या, तेव्हा उघड्या लोकांच्या देशात कापड जाळण्याला रवींद्रनाथांनी विरोध केला होता. आजचा प्रसंग तर आणखी नाजूक आहे. ढाक्याच्या मुलीने शिवलेला सदरा आपण एकाएकी नाकारला, तर तिची मजुरी वाढत नाही, ती बुडते. राणा प्लाझानंतर कामगार संघटनांनी आणि जगभरच्या गिऱ्हाइकांनी रेटा लावला. तेव्हा २०१३ मध्येच इमारतींच्या व आगीपासूनच्या सुरक्षिततेविषयी कायद्याने बंधनकारक असा करार झाला आणि दोनशेहून अधिक कंपन्यांना त्यावर सह्या कराव्या लागल्या. दीड हजारांहून अधिक कारखान्यांची तपासणी झाली. लोखंड्यांचा अर्ज ज्या वाटेने गेला, तीच ही वाट आहे.

दुसरा अर्धा भाग आपल्या घरातला आहे, आणि तो नवा नाही. थोरल्याचा सदरा धाकट्याला, विटलेल्या लुगड्याची गोधडी, गोधडी झिजली की पायपुसणे; उरलेले बोहारणीच्या टोपलीत, भांड्याच्या बदल्यात. ही रीत पुष्कळ अंशी गरिबीने शिकविली होती, तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. ज्याच्या खिशात पैसे नाहीत त्याला महाग कापड घे म्हणून उपदेश करण्याचा अधिकारही आम्हांला नाही. पण या सभागृहात बसलेल्या आपणांपैकी अनेकांना थंडी किंवा लाज निवारण्यासाठी नवा कपडा लागत नाही, हे आपण मनाशी कबूल करावे. थोडे घ्यावे, टिकाऊ घ्यावे, उसवले तर शिवावे. आणि घेताना दुकानदाराला विचारावे, हे कोणी शिवले? त्याला उत्तर ठाऊक नसेल. दहा गिऱ्हाइकांनी विचारले, तर तोही वर विचारील.

सार्वजनिक काकांच्या एकट्याच्या खादीने मँचेस्टरची एकही गिरणी बंद पडली नाही. १८८० साली काका गेले, तेव्हा परदेशी कापडाची आयात पूर्वीसारखीच चालू होती. पंचवीस वर्षांनी मात्र त्याच पुण्यात हजारो लोक तोच प्रश्न विचारीत रस्त्यावर आले. प्रश्नाचा अर्धा भाग त्यांनी विचारला. उरलेला अर्धा आपल्या वाट्याला आला आहे.