पाच वाजताचा भोंगा

मित्रहो, स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिही, असा आपल्या तुकडीचा आग्रह झाला, तेव्हा आपल्या क्रमिक पुस्तकात नसलेला एक दिवस मी निवडला. शाळेत आपण ९ ऑगस्टचा क्रांतिदिन पाळत असू. पोलंडमध्ये १ ऑगस्ट पाळतात.

१ ऑगस्ट १९४४ रोजी सायंकाळी पाच वाजता वॉर्सा शहर जर्मन सत्तेविरुद्ध उठले. सोव्हिएत फौजा व्हिस्तुला नदीच्या पूर्वेस जवळ येऊन ठेपल्या होत्या. त्यामुळे काही दिवसांत शहर मोकळे करता येईल, अशी भूमिगत ‘गृहसेने’ची आशा होती. पण पुरेशी मदत आलीच नाही. लढा ६३ दिवस चालला. आपल्या आठवी-नववीच्या वयाची स्काउट मुले गोळीबारातून टपाल पोहोचवत होती. २ ऑक्टोबरला शरणागती पत्करावी लागली. दीड ते दोन लाख नागरिक मृत्युमुखी पडले. उरलेल्यांना बाहेर काढून जर्मनांनी शहर पद्धतशीरपणे जमीनदोस्त केले.

मला जास्त महत्त्वाचे वाटते ते त्यानंतरचे. युद्धानंतर आलेल्या साम्यवादी राजवटीला गृहसेना नकोशी होती; तिच्या कित्येक सैनिकांना तुरुंगवास घडला. तरीही लोक दरवर्षी थडग्यांपाशी जाऊन दिवे लावत राहिले. उठावाचे मोठे स्मारक १९८९ साली उभे राहिले, आणि राष्ट्रीय स्मरणदिनाचा कायदा तर २००९ साली झाला. म्हणजे स्मरण आधी लोकांनी जपले, सरकारी मोहोर मागाहून उमटली. आज त्या दिवशी पाचला भोंगे वाजतात आणि वॉर्सात माणसे, वाहने जागच्या जागी थांबतात. उठाव करायला हवा होता की नाही, हा वाद तिथे अजून मिटलेला नाही. पण मेलेल्यांची आठवण ठेवायला वाद मिटण्याची वाट पाहावी लागत नाही.

वॉर्सा जळत होते, तेव्हा आपल्या कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. बहुतेक बायका आणि मुले. सोव्हिएत हद्दपारीतून वाचलेली. छावणीत त्यांच्या शाळाही होत्या. युद्ध संपले तरी अनेकांना आपल्या गावी परतता आले नाही, कारण त्यांचा मुलूख सोव्हिएत संघात गेला होता.

त्यांच्या स्मरणार्थ महावीर उद्यानात एक स्तंभ आहे. येत्या १ ऑगस्टला जे कोल्हापुरात असतील, त्यांनी सायंकाळी पाचला तिथे मिनिटभर थांबावे, एवढीच माझी सूचना.