पट्टीची बाटली

सोलापुरातल्या सत्तरी गाठलेल्या माणसाला जुन्या दवाखान्याबद्दल विचारा, तो आधी बाटलीबद्दल सांगेल. घरून धुऊन नेलेली काचेची बाटली, आत लालसर मिक्श्चर, तोंडाला बूच आणि अंगावर खळीने चिकटवलेली कागदाची पट्टी. कंपाउंडर पट्टीच्या घड्या घालून कात्रीने कोपरे उडवायचा. उलगडली की कडेला सारख्या अंतरावर खाचा. एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत एक डोस.

गिरण्यांच्या या गावात मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू अशा चारही भाषा नांदल्या, आणि पाळीवर जाणाऱ्या कित्येकांना कुठल्याच भाषेत वाचता येत नव्हतं. पट्टी वाचावी लागत नव्हती. माझ्या मते दवाखान्यातली सर्वांत शहाणी वस्तू तीच होती. प्रत्येक घोटात औषध सारखंच जावं, ही द्रव औषधाची पहिली अट तिने कागदावर उतरवली होती.

अट मात्र पट्टीहून फार जुनी. शार्ङ्गधर संहितेत काढ्याला औषधीच्या सोळा पट पाणी घालून आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवायला सांगितलं आहे. फांटाला चौपट गरम पाणी. हिमाला सहापट थंड पाणी आणि रात्रभर भिजवणं. प्रमाण ठरलेलं, म्हणून वैद्य बदलला तरी काढ्याचा जोर फारसा बदलायचा नाही. काढा ताजाच घ्यायचा, कारण तो टिकत नाही. टिकाऊ हवं असेल तर आसव-अरिष्ट. गूळ-साखरेचं पाणी धायटीच्या फुलांसह आंबवलं की त्यात मद्यार्क तयार होतो. तो वनस्पतीतला अंश ओढून घेतो आणि औषध नासूही देत नाही. पुढे सिरपने हेच काम साखरेवर सोपवलं. वजनाने दोन तृतीयांश साखर असली की पाकात बुरशीला वाढायला पाणीच उरत नाही.

मुंबईत 1845 साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं, 1864 मध्ये ब्रिटिश फार्माकोपिया निघाला आणि दवाखान्यात औंस, ड्राम, मिनिम आले. एका औंसात 480 मिनिम. कंपाउंडरचं खरं कसब टेबलावर दिसायचं. न विरघळणारी पूड आधी खलात डिंकाच्या भुकटीबरोबर घोटायची, मग थेंबाथेंबाने पाणी. घाई केली की गुठळ्या. मिश्रण मापाच्या ग्लासात ओतून खल थोड्या पाण्याने विसळायचा आणि ते पाणीही ग्लासात घ्यायचं. शेवटी खुणेपर्यंत पाणी. चार औंस पाणी घालणं वेगळं आणि पाणी घालून चार औंस करणं वेगळं. पहिल्यात औषध पातळ होतं.

कोण कोणात विरघळतं, हेही त्याला ठाऊक असावं लागे. आयोडीन नुसत्या पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पण आधी थोड्या पाण्यात पोटॅशियम आयोडाइड विरघळवलं की त्यात सहज उतरतं. स्ट्रिक्नीन आणि ब्रोमाइड एका बाटलीत पडले, तर स्ट्रिक्नीनचे स्फटिक हळूहळू तळाशी बसतात. वरचे डोस निरुपद्रवी, तळाचा जीवघेणा. पट्टीच्या खाचा कितीही सारख्या असोत, साका बसला की त्यांचा उपयोग नाही. ‘हलवून घ्या’ ही सूचना म्हणूनच लिहिलेली असते.

बाजारात भेसळ वाढल्यावर 1930 मध्ये कर्नल रामनाथ चोप्रांची समिती नेमली गेली. 1940 चा औषध कायदा आणि 1948 चा फार्मसी कायदा यांनी औषध बनवणं आणि देणं नियमात आणलं. 1955 मध्ये भारताचा स्वतःचा फार्माकोपिया आला. 1963 साली सोलापुरात वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, तोवर औंसाच्या जागी मिलिलिटर येऊ लागले होते. पुढे कारखान्याची सीलबंद बाटली आली आणि पट्टी गेली.

सीलने जबाबदारी संपली नाही. 1986 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले 14 रुग्ण दगावले. त्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकोल हे विष होतं. ते दिसायला ग्लिसरीनसारखंच, चवीला गोड. तपासणीशिवाय ओळखू येत नाही. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने या प्रकरणाची चौकशी केली.

खलाचं एक काम मात्र आजही घराघरांत उरलं आहे. मुलांच्या अँटिबायोटिकची कोरडी पूड असलेली बाटली मिळते आणि पाणी आपण घालतो. पूड आधी हलवून सुटी करा. उकळून गार केलेलं पाणी निम्मं घाला, बाटली हलवा, मग खुणेपर्यंत भरा. फेस बसल्यावर पातळी पुन्हा पाहा, कमी दिसली तर पाणी घाला. डोस बाटलीबरोबरच्या मापानेच द्या, घरातल्या चमच्याने नको. चमचे सारखे नसतात. तयार औषध किती दिवस चालतं आणि फ्रिजमध्ये ठेवायचं का, हे लेबलवर पाहा. सोलापूरच्या उन्हाळ्यात तर नक्कीच. खात्री वाटत नसेल, तर दुकानातल्या फार्मासिस्टला तुमच्यासमोर पाणी घालून द्यायला सांगा. ते त्याचंच काम आहे.