दख्खनी महसीर : धरणे, राखणे व सोडणे – एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
गळाला लागलेला मासा घरी न्यावा की पुन्हा पाण्यात सोडावा, हा प्रश्न वरकरणी छंदाचा वाटतो. वस्तुतः तो नदीविषयीच्या जबाबदारीचा आहे. प्रस्तुत निबंधात दख्खनी महसीरच्या आधारे त्याचा विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
कर्नल विल्यम सायक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळील मुळा-मुठा नदीतील या माशाचे शास्त्रीय वर्णन केले व 'खुद्री' या स्थानिक नावावरूनच जातीचे नामकरण केले. हेन्री थॉमस यांच्या 'द रॉड इन इंडिया' (१८७३) या ग्रंथाने महसीरला इंग्रज शौकिनांत प्रतिष्ठा मिळवून दिली. १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमाने स्फोटके व विष यांच्या साहाय्याने होणारी मासेमारी निषिद्ध ठरविली. गळावर सरसकट बंदी घातली नाही. याउलट महाड तालुक्यातील वाळण कोंड येथे डोहातील महसीर वरदायिनी देवीचे मानले जातात व धरलेच जात नाहीत. तेथे संरक्षण कायद्यापेक्षा श्रद्धेवर उभे आहे.

सोडण्याचे दोन अर्थ :
१९७२ मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण भारत वन्यजीव संघटनेने कावेरीत 'धरा व सोडा' ही पद्धत रुजविली. त्याच दशकात टाटा कंपनीने लोणावळ्याजवळील वळवण येथे दख्खनी महसीरचे बीजोत्पादन सुरू केले. तेथील बोटुकली कावेरीतही सोडण्यात आली. पुढे १९९८ ते २०१२ या काळातील गळकऱ्यांच्या नोंदींवरून असे दिसून आले की, कावेरीचा मूळचा कुबडधारी महसीर घटत गेला व सोडलेली जात वाढत गेली. २०१८ मध्ये कुबडधारी महसीर अतिसंकटग्रस्त ठरला. दख्खनी महसीर मात्र त्याच वर्षी 'कमी चिंते'च्या वर्गात गेला.

निष्कर्ष :
येथे धरलेला मासा सोडणाऱ्यांच्या नोंदींनीच परका मासा सोडण्याचे दुष्परिणाम उघड केले. म्हणून सोडणे हे स्वतःच पुण्य ठरत नाही. कोणता मासा, कोणत्या पाण्यात, हे पाहणे अगत्याचे आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील प्रवरा व मुळा या गोदावरी खोऱ्यातील नद्या होत, तर महाराष्ट्राच्या जलाशयांत वाढविले जाणारे रोहू, कटला व मृगळ हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातील. असे मासे पोटासाठी धरणाऱ्या मच्छिमारास ते सोडण्याचा उपदेश करणे अन्यायाचे होईल. नियम सर्वांस एकच नसावा. तो नदी, जात व उपजीविका पाहून ठरावा, आणि छंद म्हणून गळ टाकणाऱ्याने किमान नोंद तरी ठेवावी.