निवडून दिलेल्याला परत बोलावण्याचा हक्क

निवडणूक आटोपली, गुलाल धुतला गेला, की आपल्या भोर-वेल्ह्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येते: "आता पाच वर्षं गप्प बसायचं." रस्ता झाला नाही, नळाला पाणी आले नाही, तरी गप्प बसायचे. ज्याला आपण निवडून दिले त्याला मुदतीआधी परत बोलावता येईल का, हा प्रश्न मंडळाच्या बैठकीत भगिनींनी अनेकदा विचारला आहे. त्याचे उत्तर कायद्याच्या एका कलमात संपत नाही. त्यासाठी थोडे मागे जावे लागते, आणि थोडे दूरही.

मागे जायचे तर फार लांब जायला नको. खेड-शिवापूरजवळचे रांझे हे गाव आपल्या परिचयाचेच. तेथील पाटील बाबाजी गुजर याने एका स्त्रीशी बदअमल केला. शिवाजी महाराजांनी त्याचे हातपाय तोडविले आणि पाटीलकी त्याच्याकडून काढून घेतली. हे पत्र २८ जानेवारी १६४६ चे आहे. त्या काळी महाराजांचे वय सोळाच्या आसपास होते. आपल्या मुलखात गावाचा अधिकारी स्त्रीवरील अन्यायासाठी पदावरून गेला, त्याचा हा लेखी पुरावा. परंतु एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. पाटलाला काढले ते राजाने. पाटीलकी वतनाची होती, ती गावाने मते देऊन दिलेली नव्हती, त्यामुळे गावाने ती परत मागण्याचा प्रश्नच नव्हता. राजा न्यायी होता म्हणून न्याय झाला. नसता तर?

गावाला सही मात्र ठाऊक होती. मावळातील गोतसभांच्या महजरांवर देशमुख-पाटलांची नावे असत, त्याचबरोबर लिहिता न येणाऱ्या कुणब्याची नांगराची निशाणीही असे. निवाडा मान्य असल्याची ती खूण होती. पुढे भोर संस्थानात पंतसचिवांचा अंमल राहिला आणि १९४८ साली संस्थान विलीन झाले. तोवर प्रजेच्या हाती जे होते त्याला अर्ज म्हणत. अर्ज करणारा मागतो, हक्क सांगत नाही.

हक्काची भाषा पुण्यात आली ती २ एप्रिल १८७० रोजी स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेबरोबर. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, यांनी नियम घातला की सभासद व्हायचे तर किमान पन्नास माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे. पंचाण्णव सभासद आणि त्यांच्या पाठीशी सुमारे सहा हजार सह्या, अशी ती सभा उभी राहिली. मुखत्यारपत्र म्हणजे काय हे शेताच्या व्यवहारात गुंतलेल्या प्रत्येक बाईला कळते. दिले तसे ते रद्दही करता येते. प्रतिनिधीला दिलेले मत हे मुखत्यारपत्र समजावे की दान समजावे, सगळा वाद एवढाच आहे. (काकांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी पुण्यात स्त्रीविचारवती सभा चालविली, हे आपल्यासारख्या मंडळांनी विसरू नये.)

मुखत्यारपत्र समजून जे वागले त्यांचा इतिहास अमेरिकेतील आहे, आणि त्यात बायकांचा वाटा पाहून आनंद वाटतो. लॉस एंजेलिस शहराने १९०३ साली आपल्या सनदेत नियम केला की ठराविक मतदारांनी अर्जावर सह्या केल्या तर निवडून आलेल्या माणसाला पुन्हा मतदानाला सामोरे जावे लागेल. पुढे सिअ‍ॅटल शहरात वॉशिंग्टन राज्यातील स्त्रियांना नोव्हेंबर १९१० मध्ये मताचा हक्क मिळाला. तेथील महापौर हिरम गिल जुगाराच्या अड्ड्यांकडे आणि कुंटणखान्यांकडे कानाडोळा करीत असे. फेब्रुवारी १९११ मध्ये, म्हणजे तीनच महिन्यांत, त्याला परत बोलावण्यात आले. हा निकाल नव्याने मतदार झालेल्या स्त्रियांनी लावला असे त्या वेळी सर्वत्र बोलले गेले.

कॅलिफोर्निया राज्यात तर १० ऑक्टोबर १९११ रोजी एकाच दिवशी दोन गोष्टी मतदारांनी मंजूर केल्या. पहिली परत बोलावण्याचा हक्क; ती मोठ्या बहुमताने संमत झाली. दुसरी स्त्रियांचा मताधिकार. तो साऱ्या राज्यात मिळून साडेतीन हजारांच्या आसपास मतांनी कसाबसा तरला. एका हाती मत आणि दुसऱ्या हाती ते परत घेण्याची सोय! दोन वर्षांतच तिचा उपयोग झाला. सॅन फ्रान्सिस्कोच्या पोलीस कोर्टाचा निवडून आलेला न्यायाधीश चार्ल्स वेलर याने बलात्काराच्या आरोपीचा जामीन कमी केला आणि आरोपी पळून गेला. शहरातल्या महिला मंडळांनी घरोघर जाऊन सह्या जमविल्या. एप्रिल १९१३ मध्ये मतदान झाले आणि वेलर पदावरून गेला. ती बायकांची क्लबे चहापाण्याची आणि शिवणकामाची म्हणून हिणवली जात. आपल्यालाही असे बोल ऐकावे लागतात.

याच तऱ्हेची गोष्ट १९७७ साली विस्कॉन्सिन राज्यात मॅडिसन येथे घडली. आर्ची सिमनसन या निवडून आलेल्या न्यायाधीशाने बलात्काराच्या खटल्यात मुलींच्या कपड्यांना दोष दिला आणि मुलाचे वागणे जणू स्वाभाविकच होते असा सूर लावला. स्त्रियांनी आधी निदर्शने केली. मग त्यांनी कागद हाती घेतला आणि नियमात बसतील एवढ्या सह्या गोळा केल्या. सप्टेंबरमध्ये त्याच्या जागी मोरिया क्रूगर ही स्त्री निवडून आली. रांझ्याच्या पाटलाला राजाने काढले, सिमनसनला शेजारपाजारच्या बायकांनी.

एवढे सांगून थांबले तर चित्र एकांगी होईल. त्याच कॅलिफोर्नियात २००३ साली राज्यपाल ग्रे डेव्हिस यांना परत बोलावले गेले तेव्हा सुमारे नऊ लाख सह्या लागत होत्या. त्या जमविण्याला वेग आला तो एका श्रीमंत लोकप्रतिनिधीने पैसा ओतल्यावर. सही गोळा करणाऱ्याला सहीमागे दाम मिळत असे. त्यांच्या जागेसाठी तब्बल १३५ उमेदवार उभे राहिले आणि एक सिनेनट निवडून आला. सही जर विकत मिळू लागली, तर नांगराच्या निशाणीची किंमत काय राहिली?

आपल्या देशात हा विचार नवा नाही. क्रांतिकारकांच्या हिंदुस्थान रिपब्लिकन असोसिएशनने १९२५ च्या जाहीरनाम्यात मतदारांना हा हक्क हवाच, असे म्हटले होते. घटना परिषदेत जुलै १९४७ मध्ये सूचना आली, तेव्हा सरदार पटेलांनी ती मान्य केली नाही. थोड्या नालायक माणसांसाठी घटना कशाला विद्रूप करावी, ज्याच्यावरचा विश्वास उडाला त्याच्या सुबुद्धीवर ते सोडावे, असा त्यांचा आशय होता. सरदारांबद्दल आदर राखून म्हणावेसे वाटते की सुबुद्धीवर भिस्त ठेवणे त्या पिढीला शोभत होते. १९७४ साली सी. के. चंद्रप्पन यांनी लोकसभेत यासाठी विधेयक आणले. ते संमत झाले नाही. त्याच सुमारास जयप्रकाशजींनीही ही मागणी उचलली. तेव्हा आमदार-खासदारांपुरते उत्तर स्पष्ट आहे: आजही त्यांना सह्या करून परत बोलावता येत नाही.

नगरपालिकांत मात्र मध्य प्रदेशाने हे करून दाखविले. तेथे तीन चतुर्थांश नगरसेवकांनी प्रस्ताव दिला की नगराध्यक्षासाठी गुप्त मतदान होते, आणि चिन्हे असतात भरलेली खुर्ची व रिकामी खुर्ची. २००१ साली अनुपपूर येथे रिकामी खुर्ची जिंकली. मतदारांनी परत बोलावलेली ही देशातील पहिली नगराध्यक्ष, पल्लविका पटेल, एक स्त्री होती. तिचा कारभार कसा होता याचा निवाडा येथे बसून मी करणार नाही. तथापि पुष्कळ पुरुष अध्यक्ष होऊन गेलेल्या देशात पहिला मान बाईलाच मिळावा, हे मनाला टोचते.

हीच टोचणी आपल्या गावापर्यंत येते. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमात सरपंचावर अविश्वासाचा ठराव आणता येतो. स्त्रियांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, २०११ मध्ये निम्म्या झाल्या, आणि बाई सरपंच झाली की ठरावाचे हत्यार बाहेर निघू लागले. नवऱ्याच्या किंवा गटाच्या सांगण्याप्रमाणे सही करीत नाही, हाच अनेकदा तिचा अपराध. म्हणून स्त्रीराखीव सरपंचपदासाठी दोन तृतीयांशांऐवजी तीन चतुर्थांश मतांची अट घातली गेली. सात सदस्यांच्या पंचायतीत पाचांऐवजी सहा जणांना एक व्हावे लागते. एवढ्या एका मताने कितीतरी जणींची खुर्ची टिकली असेल.

२०१७ मध्ये सरपंचाची निवड थेट मतदारांकडे आली, २०२० मध्ये ती पद्धत रद्द झाली आणि २०२२ मध्ये परत आली. थेट सरपंचाविरुद्ध सदस्यांनी तीन चतुर्थांश मतांनी ठराव केला तरी तो तेवढ्याने पुरा होत नाही. विशेष ग्रामसभेत गुप्त मतदानाने त्याला मान्यता घ्यावी लागते. निवडून आल्यावर पहिली दोन वर्षे असा ठराव आणताही येत नाही. भोर-वेल्ह्याच्या मतदाराला परत बोलावण्याचा हक्क असा आहे तो एवढाच. सुरुवात सदस्यांच्या हाती, शेवट मात्र आपल्या हाती. माझ्या मते ही वाटणी वाईट नाही. सहा माणसांच्या रागावर बाईची खुर्ची जात नाही.

आणखी एक. आपल्याकडे पुरुषमंडळी पुण्या-मुंबईस कामाला. हिरडस मावळात काय, गुंजण मावळात काय, ग्रामसभेच्या दिवशी गावात असतात त्या बायकाच. सह्यांचे शास्त्रही आपल्याला परके नाही. दारूचे दुकान बंद करण्यासाठी पंचवीस टक्के महिला मतदारांनी निवेदन द्यायचे आणि मग उभी बाटली की आडवी बाटली असे गुप्त मतदान व्हायचे, ही रीत महाराष्ट्रातील कित्येक गावांतील स्त्रियांनी पार पाडली आहे. तेथे यादीतील निम्म्याहून अधिक मते आडवी पडावी लागतात, म्हणजे घरी राहिलेल्या बाईचे मतही दुकानाच्याच पारड्यात पडते.

ठरावापर्यंत गोष्ट जाऊ न देण्याचाही मार्ग कायद्यात आहे. प्रत्येक नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणे बंधनकारक आहे. तेथे खर्चाचा हिशेब मागता येतो, कामांची यादी विचारता येते, आणि बाई सरपंच असेल तर तिच्या बाजूने उभेही राहता येते. पुष्कळ ठिकाणी ही सभा कागदावरच होते आणि सह्या मागाहून घरी आणून घेतल्या जातात. त्या वहीत सही करण्यापूर्वी वरचा मजकूर वाचून दाखवा असे म्हणायला हरकत नाही. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेआधीची महिला सभा बहुधा भातलावणी आटोपल्यावर येते, ही त्यातल्या त्यात सोय.