जव्हारचा घाट आणि उंची मोटारींची इंजिने
मुकणे घराण्याचे जव्हार संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले, तरी जव्हार-मोखाड्याच्या पठारावर रेल्वे आली नाही. त्यामुळे तिकडे जाणाऱ्या मोटारीची खरी परीक्षा घाटातच होई. संस्थानिकांच्या, दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या अनेक उंची मोटारींत क्रँकशाफ्टला, म्हणजे पिस्टनची ये-जा फिरत्या गतीत बदलणाऱ्या दांड्याला, ‘व्हाइट मेटल’ या कथिलप्रधान मिश्रधातूची ओतीव बेअरिंगे असत, आणि लांब चढावर इंजिन तापून तेलाचा दाब घटला, की सुमारे २४० अंश सेल्सिअसला वितळू लागणारा हा धातू निसटून कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारा दांडा, ठोके देऊ लागे. ठोके ऐकू आल्यावरही इंजिन चालू ठेवणे सर्वांत घातक, कारण रॉड तुटल्यास इंजिनाचा ब्लॉकच फुटे. दुरुस्तीसाठी कारागिरांना इंजिन पूर्ण उतरवून, धातू नव्याने ओतून, बेअरिंग हाताने खरवडत अचूक बसवावे लागे. संस्थानी मोटारींच्या इतिहासात या अनाम कारागिरांच्या कसबाची नोंद व्हायलाच हवी.