खाट, टोपली आणि एक अर्ज

मुंबईत अंधेरीच्या महाकाली केव्हज रोडवर ‘लिटल सिस्टर्स ऑफ द पूअर’ या कॅथलिक धर्मभगिनींच्या संस्थेचा एक वृद्धाश्रम आहे. गरीब वृद्धांना धर्म किंवा जात न विचारता आसरा द्यायचा, हा या संस्थेचा जगभरचा नियम. भारतात ती प्रथम आली १८८२ साली, कलकत्त्याला. त्याआधी तीन वर्षे, २९ ऑगस्ट १८७९ रोजी, फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांतात शहाऐंशी वर्षांची एक धर्मभगिनी वारली. संस्थेतल्या अनेक तरुण भगिनींना ती एक साधी, म्हातारी सिस्टर म्हणूनच ठाऊक होती. ही संस्था तिने उभी केली होती, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

तिचे नाव झान झ्युगाँ. जन्म २५ ऑक्टोबर १७९२, कांकाल या कोळ्यांच्या बंदरगावी. वडील मासेमारीला गेले ते परतले नाहीत. तेव्हा ती जेमतेम चार वर्षांची होती. सोळाव्या वर्षी ती एका उमराव घराण्यात स्वयंपाकघरात कामाला लागली. एका खलाशाने घातलेली लग्नाची मागणी तिने नाकारली. १८१७ मध्ये ती जवळच्या सँ-सेर्व्हां गावी आली, सहा वर्षे तिथल्या इस्पितळात राबली आणि तब्येत ढासळल्यावर एका प्रौढ बाईंच्या घरी मोलकरीण म्हणून राहिली. बारा वर्षांनी, १८३५ साली त्या बाई वारल्या. मग झान, फ्रांस्वाज ओबेर नावाची एक वृद्धा आणि व्हिर्जिनी नावाची एक अनाथ मुलगी अशा तिघींनी मिळून वरच्या मजल्यावर बिऱ्हाड केले. झान लोकांकडे धुणीभांडी आणि रोजंदारी करी.

काळ समजून घ्यायला हवा. फ्रेंच राज्यक्रांतीत, १७८९ साली, चर्चची मालमत्ता राष्ट्राच्या ताब्यात गेली. पुढच्या वर्षी मठवासी संघ बरखास्त झाले. निराधारांना सांभाळणाऱ्या जुन्या धर्मादाय घरांचे उत्पन्नच आटले. त्यात सँ-सेर्व्हां हे दर्यावर्दींचे गाव. बुडालेल्या जहाजांमागे विधवा उरत आणि म्हातारपणी त्यांच्या हाती भिकेची टोपली येई.

१८३९ च्या हिवाळ्यात झान अशाच एका वृद्धेला घरी घेऊन आली. आन शोव्हँ तिचे नाव. ती आंधळी होती, अर्धे अंगही लुळे पडलेले. झानने तिला उचलून अरुंद जिन्याने वर नेले, स्वतःच्या खाटेवर निजवले आणि आपले अंथरूण माळ्यावर टाकले, असे परंपरा सांगते. झान तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होती. लवकरच दुसरी वृद्धा आली. तीही आयुष्यभर मोलकरीण. मालकांची परिस्थिती खालावल्यावर पगार सोडून त्यांच्याचसाठी भीक मागणारी. या घराला नाव नव्हते, नियमावली नव्हती. घरातल्या बायका स्वतः मोलमजुरी करणाऱ्या होत्या आणि पाहुण्या म्हणून आलेल्याही त्याच वर्गातल्या. श्रीमंताने गरिबाला दिलेला हा आश्रय नव्हे. एका मोलकरणीने दुसरीला दिलेली ही खाट.

१८४१ मध्ये तळमजल्याची एक मोठी जागा भाड्याने घेऊन बारा वृद्धांची सोय झाली. पुढच्याच वर्षी एक जुना मठ विकत घेतला गेला. प्रश्न उरला रोजच्या भाकरीचा. आश्रयाला आलेल्या वृद्धांची भीक मागायची सवय सुटत नव्हती, कारण त्यांचे नेहमीचे दाते ठरलेले होते. झानने त्यावर सरळ उपाय काढला. तुमच्या दात्यांची नावे मला सांगा, तुमच्याऐवजी मीच त्यांच्या दारी जाते, असे तिने ठरवले. सेंट जॉन ऑफ गॉड संघाच्या बंधूंनी तिला या कामासाठी टोपली दिली असे सांगतात. पैसे, उरलेसुरले अन्न, जुने कपडे, जळण, काहीही त्या टोपलीला चाले. एकदा एका दात्याने चिडून तिच्यावर हात उगारला, तेव्हा हे मला मिळाले, आता माझ्या गरिबांसाठी काही द्या, अशा अर्थाचे ती बोलली, ही आख्यायिका आजही सांगितली जाते. वृद्धांच्या वाट्याची लाज तिने स्वतःच्या अंगावर घेतली, हे तिच्या भीक मागण्याचे खरे स्वरूप होते.

झानला ज्या कागदाने पुढे वाचवले, तो याच काळातला. फ्रेंच अकादमी दरवर्षी ‘मोंत्यों पुरस्कार’ देत असे. गरीब माणसाने केलेल्या सत्कृत्याचा गौरव, हा त्याचा हेतू. सँ-सेर्व्हांचे नगरप्रमुख आणि प्रतिष्ठित नागरिक यांनी डिसेंबर १८४४ मध्ये झानसाठी सह्यांनिशी निवेदन पाठवले. त्यात तिने काय केले याची साधी, क्रमवार हकीकत होती. ११ डिसेंबर १८४५ रोजी अकादमीने तिला तीन हजार फ्रँक जाहीर केले. ज्येष्ठ द्युपँ यांनी त्या समारंभात तिच्यावर भाषण केले आणि ते छापलेही गेले.

गंमत अशी की, पॅरिसमध्ये हा गौरव झाला तेव्हा आपल्याच घरात झानचे स्थान गेलेले होते. ल पायूर हा तरुण धर्मगुरू सुरुवातीपासून या घराचा मार्गदर्शक होता. २९ मे १८४२ रोजी भगिनींनी झानला प्रमुख म्हणून निवडले. डिसेंबर १८४३ मध्ये तिचीच फेरनिवड झाली. दोन आठवड्यांत ल पायूरने ती निवड रद्द केली आणि तिच्याजागी मारी झामे या तेवीस वर्षांच्या भगिनीला नेमले. झानने वाद घातला नाही. ती टोपली घेऊन पुन्हा रस्त्यावर आली. रेन, दिनाँ येथे नवी घरे निघाली ती तिच्या पायपिटीवर. १८५१ मध्ये संस्था लंडनला पोचली.

१८५२ साली तिला ही भिक्षाफेरीही बंद करायला सांगण्यात आले. संस्थेच्या मुख्य मठात तिने राहावे, दात्यांशी संबंध ठेवू नयेत, असा हुकूम होता. पुढची सत्तावीस वर्षे ती नवदीक्षित मुलींच्या सोबतीने राहिली. शेवटची वर्षे सँ-पेर्न गावच्या मठात. तिथे मुलींना संस्थेची जी जन्मकथा शिकवली जाई, तिच्यात ल पायूर संस्थापक होता, त्याच्या दोन तरुण शिष्या पहिल्या भगिनी होत्या आणि झान नंतर येऊन मिळालेली तिसरी. ज्या बाईने कथा घडवली, तिच्याच समोर ती बदलून सांगितली जात होती.

तरी तिचा एक शब्द संस्थेला लागला. १८६५ मध्ये कायमस्वरूपी ठेवींचे उत्पन्न स्वीकारावे की नाही असा प्रश्न आला, तेव्हा तिचे मत विचारण्यात आले. नाही, असे तिने सांगितले. निश्चित उत्पन्न आले की रोज दार ठोठावण्याची गरज संपते आणि दारामागच्या माणसांचा वृद्धांशी असलेला संबंधही संपतो, हे त्या टोपलीने तिला शिकवले असावे. संस्थेने ते मान्य केले. ती वारली तेव्हा १७७ घरे आणि सुमारे २४०० भगिनी होत्या.

ल पायूरच्या कारभाराची चौकशी होऊन १८९० मध्ये रोमने त्याला पदावरून दूर केले. मूळ प्रमुख कोण, हे ठरवताना १८४४ चे ते निवेदन आणि १८४५ चे छापील भाषण हे सर्वांत भक्कम पुरावे ठरले, कारण ते संस्थेच्या बाहेर लिहिले गेले होते. पहिली सिस्टर झानच, असे मारी झामेनेही अखेरीस कबूल केल्याचे सांगतात. ११ ऑक्टोबर २००९ रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी झानला संत घोषित केले.

आपल्याकडे २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार वृद्धांची सोय असलेला वृद्धाश्रम राज्याने काढावा, अशी तरतूद आहे. कायदा खाटा मोजतो, आणि त्याने त्या मोजाव्यातच. खाट नसेल तर बाकीचे बोलणे फुकट. पण झानची हकीकत खाटेच्या पलीकडचा एक प्रश्न विचारते. सत्तावीस वर्षे तिला छप्पर होते, जेवण होते, आजारपणात शुश्रूषा होती. वृद्धाश्रमाकडून आपण जे मागतो ते सारे तिला तिच्याच संस्थेत मिळाले. तिला मिळाले नाही ते एवढेच, की शेजारच्या मुलीने कधी विचारावे : आजी, इथे येण्याआधी तुम्ही काय करत होता?