आकाशातला दगड आणि बातमीतला दगड

६ फेब्रुवारी २०१६ रोजी तामिळनाडूत, वेल्लोर जिल्ह्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात स्फोट झाला. जमिनीत खड्डा पडला, काचा फुटल्या, एक बसचालक दगावला आणि तिघे जखमी झाले. मुख्यमंत्री जयललिता यांनी हा उल्कापात असल्याचे सांगून मृताच्या कुटुंबाला एक लाख रुपये जाहीर केले. झाले! 'उल्का पडून माणूस ठार' ही बातमी जगभर गेली. परंतु छायाचित्रे पाहून नासाच्या शास्त्रज्ञांनी सांगितले, की हा स्फोट जमिनीवरचाच दिसतो.

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. बाकीचे वाचनालयात झाले. पण एवढे कळते, की लहान उल्कापाषाणाचा वेग हवेच्या रोधाने मंदावतो. तो गच्चीवरून टाकलेल्या धोंड्यासारखा पडतो, सुरुंगासारखा फुटत नाही. त्याच्या अंगावर वितळून थिजलेले काळे कवच असते, ते जाणकाराला ओळखता येते.

म्हणून प्रत्येक बातमी खोटी मानावी काय? तीही चूक पूर्वी विद्वानांनी केली आहे. आकाशातून दगड पडतात हे खेडूत सांगत, आणि पंडित हसत. १८०३ साली फ्रान्समध्ये लेग्ल गावी दगडांचा वर्षाव झाला, तेव्हा बियो हा शास्त्रज्ञ तेथे गेला, गावोगाव लोकांचे जबाब घेतले, दगड गोळा केले. मग पंडितांचे हसणे थांबले. (आमच्या चौकशी समित्या अशा पायी हिंडत्या तर!)

३० नोव्हेंबर १९५४ रोजी अमेरिकेत, अलाबामातल्या सिलाकॉगा येथे छप्पर फोडून सुमारे पावणेचार किलोचा पाषाण आला, रेडिओवर आदळला आणि कोचावर निजलेल्या बाईच्या कमरेला लागला. छपराला भोक, अंगावर काळानिळा वळ आणि हातात दगड! तो दगड आज तिथल्या संग्रहालयात आहे. १८८८ साली इराकातल्या सुलेमानिया भागात एक माणूस मेला व एक पंगू झाला, असे ऑटोमन दप्तरातल्या सरकारी पत्रांवरून २०२० साली प्रसिद्ध झाले. पुरावा वजनदार खरा. पण त्या पत्रांबरोबर दगड मिळालेला नव्हता.

वेल्लोरला कोणी दोषी होते, असे मी म्हणत नाही. पण आभाळाचे नाव पडले, की जमिनीवरची चौकशी थंडावते. एका कारखान्यात आमचा फिटर गेला, तेव्हा 'वीज पडली' असे छापून आले. त्या दिवशी आभाळ निरभ्र होते. आम्ही अर्थिंगची तार पाहिली. ती तुटलेली होती. भरपाईचा दावा पुढे चार वर्षे चालला.